वाचक विचारतात: आवडत्या कादंबरीचा सिनेमा होतोय, नायक कोण हवा?

प्रश्न: जी फॅन्टसी कादंबरी माझा जीव की प्राण आहे तिच्यावर सिनेमा येतोय. आमच्या ग्रुपने सगळी कास्ट ठरवून टाकलीये, पण नायकासाठी ज्याचं नाव चर्चेत आहे तो पुस्तकातल्या वर्णनाशी अजिबात जुळत नाही, केस वेगळे, डोळे वेगळे. बातमी वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. आमचं चुकतंय का?

उत्तर: चुकत काही नाहीये, पुस्तकावर प्रेम आहे म्हणूनच एवढा जीव तुटतो. फक्त एक करा, तुमच्या यादीतल्या प्रत्येक पात्रापुढे लिहा की याच्या वर्णनातली कुठली गोष्ट बदलली तर पुढची कथाच ढासळते. बाकीचं सोडून द्या आणि त्या एका गोष्टीसाठी हट्ट धरा.

हॅरी पॉटरचंच बघा ना. पुस्तकात त्याचे डोळे हिरवेगार, सिनेमात डॅनियल रॅडक्लिफचे निळे. हिरव्या लेन्स लावून बघितल्या पण त्याच्या डोळ्यांना त्या सोसेनात, मग लेखिकेला विचारलं की हिरवेच पाहिजेत का, तर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की रंग कुठलाही असो, डोळे त्याच्या आईसारखे दिसले पाहिजेत. का, ते शेवटच्या पुस्तकात कळतं. हॅरीच्या आईवर जन्मभर प्रेम करणारा त्याचा शिक्षक स्नेप मरताना हॅरीला म्हणतो माझ्याकडे बघ, तो अख्खा प्रसंग त्या डोळ्यांवर उभा आहे. आणि नेमका तिथेच घोळ झाला, २०११ च्या शेवटच्या सिनेमात फ्लॅशबॅकमध्ये लहानपणची लिली, म्हणजे हॅरीची आई, दिसते आणि तिचे डोळे चक्क तपकिरी! हिरव्याचे निळे झाले ते मी कधीच मनावर घेतलं नाही, पण हे मात्र मला आजही खटकतं, कारण रंग गेला तरी चालला असता, नातं दिसायला हवं होतं.

वयाचंही तसंच आहे, आणि माझ्या मते दिसण्यापेक्षा वयाकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पहिल्या पुस्तकात स्नेप तिशी नुकती ओलांडलेला आहे, अ‍ॅलन रिकमन तेव्हा पन्नाशीच्या पुढचे. कामाबद्दल बोलायलाच नको, दुसरा स्नेप कल्पनेत पण येत नाही. पण तो हॅरीच्या आईवडिलांचा वर्गमित्र, त्यामुळे तेही मोठ्या वयाचे घ्यावे लागले, आणि ती दोघं जेमतेम २१ वर्षांची असताना गेली हे पुस्तकात जे काळजाला लागतं ते पडद्यावर जाणवतच नाही.

पर्सी जॅक्सन या फॅन्टसी पुस्तकमालेच्या नायकाच्या बाबतीत तर वयच मुळावर आलं. पुस्तकात तो १२ वर्षांचा आणि सगळ्या मालिकेचा कणा म्हणजे तो १६ चा होताना काय घडणार याची भविष्यवाणी. २०१० च्या सिनेमात त्याला आधीच सोळा-सतरा वर्षांचा करून टाकला. लेखक रिक रायर्डन यांनी स्क्रिप्ट वाचून निर्मात्यांना आधीच बजावलं होतं, ती पत्रं त्यांनी नंतर स्वतःच जाहीर केली, वाचताना अक्षरशः वाईट वाटतं. दुसरा सिनेमा २०१३ ला आला आणि गाडी तिथेच थांबली. मग २०२३ मध्ये लेखकाला सोबत घेऊन मालिका आली आणि पर्सी परत १२ वर्षांचा झाला. त्यात त्याची मैत्रीण अ‍ॅनाबेथ पुस्तकासारखी सोनेरी केसांची नाहीये, तिथे एक कृष्णवर्णीय मुलगी आहे, आणि हुशार, हट्टी, सतत स्वतःला सिद्ध करू बघणारी अ‍ॅनाबेथ तिच्यात पुरेपूर उतरलीये.

प्रश्न: सिनेमा बरा की वेबसिरीज? सहाशे पानांचं पुस्तक दोन तासांत कसं बसणार?

उत्तर: बसत नाही. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट असा हिशोब धरतात, म्हणजे दोन तासांच्या सिनेमाला १२० पानं, त्यातही निम्मी जागा मोकळी. त्यामुळे पुस्तक तोडावं लागणारच, प्रश्न एवढाच की कुठे तोडलं. २००७ च्या गोल्डन कंपास या सिनेमात पुस्तकातली शेवटची काही प्रकरणं शूट करून झाली होती आणि तरी ती काढली, पुढच्या भागात घेऊ म्हणून, आणि पुढचा भाग आलाच नाही! पुस्तक जिथे हादरवून टाकतं तिथपर्यंत सिनेमा पोचतच नाही. ते पुस्तक आणि त्याचे पुढचे दोन भाग यांची नंतर २०१९ ते २०२२ अशी तीन सीझनची मालिका झाली, तिला श्वास घ्यायला जागा मिळाली. पण लांबी वाढवली की भलं होतं असंही नाही, हॉबिट हे एक छोटंसं पुस्तक, त्याचे तीन सिनेमे केले आणि नायक बिल्बो स्वतःच्याच गोष्टीत कितीतरी वेळ दिसेनासा होतो. एकच पुस्तक असेल आणि गोष्ट एकाच प्रवासाची असेल तर मी सिनेमाच मागेन, घराणी, राज्यं, कटकारस्थानं असतील तर मालिका.

प्रश्न: माझं सगळ्यात लाडकं पात्र दुय्यम आहे, त्याला नक्की कात्री लागणार. काही आशा?

उत्तर: फार कमी, खरं सांगते. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधून जंगलात राहणारा गूढ टॉम बॉम्बाडिल गेला तेव्हा कितीतरी वाचक हळहळले. मला तो खूप आवडतो, तरी तो निर्णय पटतो, कारण ज्याच्या हाती पडेल त्याला बिघडवणाऱ्या त्या अंगठीचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि पडद्यावर ती किती भयंकर आहे हे नुकतं कुठे ठसायला लागलं असताना कोणीतरी ती सहज हातात घेऊन खेळतोय हे दाखवलं तर सगळी भीतीच उतरून जाईल. पण गोष्टीतले बुटके नायक, ही हॉबिट मंडळी, लढाईवरून परत येतात तेव्हा त्यांचा शायर हा प्रदेश उजाड झालाय, झाडं तोडलीत, गुंडांचं राज्य आलंय, हा भाग गाळला ते मला अजिबात मान्य नाही. लढाई आपल्या अंगणापर्यंत येते हे लेखक टोल्किन यांना सांगायचं होतं आणि सिनेमात मात्र शायर जसाच्या तसा हिरवागार. तेव्हा तुमच्या पात्रालाही हेच लावून बघा, ते गेल्याने गोष्ट नुसती लहान होते की तिचा अर्थ बदलतो? अर्थ बदलत असेल तर जरूर लिहा, त्या पात्रामुळे पुढे काय घडतं ते सांगून लिहा.

प्रश्न: सिनेमा यायच्या आधी पुस्तक परत वाचू का?

उत्तर: आत्ताच वाचा, ट्रेलरच्या आधी. लॉर्ड ऑफ द रिंग्जमधल्या अ‍ॅरागॉर्नच्या रोलमध्ये आधी दुसरा नट होता, शूटिंग सुरू झाल्यावर तो फार तरुण वाटतोय म्हणून ऐनवेळी व्हिगो मॉर्टेन्सनला आणलं, आणि आता पुस्तक उघडलं की मला त्याचाच चेहरा दिसतो, आधी कोण दिसायचा ते आठवतही नाही. तुमचा नायक तुम्हाला आज कसा दिसतो ते वाचता वाचता मार्जिनमध्ये लिहून ठेवा.