‘आता मुदत संपली असंल ना, मॅडम?’

तालुक्याच्या गावी समुपदेशन करताना, लहानपणीच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीबद्दलचा हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून, पण जवळजवळ याच शब्दांत ऐकत आले आहे. ‘लहानपणी झालं होतं. लय वर्सं झाले. आता त्याची मुदत संपली असंल ना?’ विचारणारी कधी दोन लेकरांची आई असते, कधी अंगणवाडी सेविका, कधी पुण्याहून दिवाळीला आलेला इंजिनियर. हो, पुरुषही येतात. ते आधी झोप आणि ॲसिडिटीबद्दल बोलतात आणि उठता उठता हे विचारतात.

उत्तर द्यायच्या आधी मी उलटं विचारते, ‘मुदत संपली असं कळलं, तर बरं वाटेल की वाईट?’

रेखाला (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) हेच विचारलं होतं. तिशीतली, माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, सासर शेजारच्या जिल्ह्यात. डोकेदुखीच्या गोळ्यांनी फरक पडत नाही म्हणून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठवलेली. नवरा बाहेर गाडीजवळ थांबायचा. चौथीपासून सातवीपर्यंत घरातल्याच माणसानं, वडिलांच्या मोठ्या भावानं, तिच्यावर अत्याचार केले होते. गावभर मान असलेला माणूस. घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘बरं वाटलं असतं. मंग मले काहीच करा नसतं लागलं.’ स्वतःच्याच उत्तराचं तिला नवल वाटलेलं दिसलं.

माझ्या अनुभवात बहुतेकांच्या प्रश्नामागे हीच सुटकेची आशा असते, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मी विचारांवर काम करणाऱ्या पठडीतली आहे. भावना खोटी ठरवायची नाही, तिच्या पोटातला विचार मात्र उजेडात आणायचा. रेखाचा विचार असा होता : मुदत अजून उरली असेल तर तक्रार करणं भागच आहे, म्हणजे आजच्या आज.

तर मुदतीचं खरं काय ते सांगते. तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याला आपल्याकडे तक्रारीची कालमर्यादा नाही. बलात्कार त्यात येतो, बालकांवरचे गंभीर लैंगिक गुन्हेही येतात. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला आणि तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. त्याआधी घडलेल्या गोष्टीला पोक्सो लागत नाही, जुनी भारतीय दंड संहिता लागते. मुलींसाठी कलम ३७६, मुलांसाठी कलम ३७७. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली असली तरी गुन्हा ज्या तारखेचा, कायदाही त्या तारखेचा.

‘मुदत नाही’ हे वाक्य मात्र सरसकट खरं नाही, आणि ते मी लपवत नाही. २०१३च्या दुरुस्तीआधी विनयभंगाला जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा होती, त्यामुळे त्याची मुदत तीन वर्षांत संपायची. रेखानं सांगितलेल्यापैकी सुरुवातीचा भाग यात मोडत होता, तो हातचा गेलेला. शेवटच्या दीड-दोन वर्षांतलं जे होतं, ते बलात्काराच्या कलमात बसत होतं आणि त्याला मुदत नव्हती. हे वर्गीकरण मी केलं नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणानं दिलेल्या वकीलबाईंनी केलं.

मग मी तिला म्हटलं, ‘मुदत नाही, म्हणजे तुलाही घाई नाही. या हंगामात नको वाटलं तर पुढच्या हंगामात. कधीच नको वाटलं, तरी तो तुझा निर्णय.’ पहिल्यांदाच ती खुर्चीला टेकून बसली.

यानंतरची जी भेट मला आठवते, तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं. रेखा अचानक म्हणाली, ‘थे मले बाजारातून शेव आणून द्यायचे. मी घ्यायचो. नाई कधी म्हटलं नाई. मंग गुन्हा कायचा?’

वीस वर्षं ती या एका पुड्याच्या ओझ्याखाली होती. अशा वेळी ‘तुझी चूक नव्हती’ असं म्हणायचा मोह होतो. हे वाक्य सगळेच म्हणतात, म्हणून ते कानावरून जातं. मी त्याऐवजी कायदा सांगितला. तेव्हाच्या दंड संहितेतही सोळा वर्षांखालच्या मुलीच्या संमतीला काडीची किंमत नव्हती. आता ते वय अठरा आहे.

‘म्हणजे मी हो म्हटलं असतं तरी?’

‘तरीही.’

‘शेव घेतली तरी?’

‘शेव घेतली तरी. कायदा तुला तो प्रश्नच विचारत नाही.’

ती रडली नाही. तिनं तेच दोनदा पुन्हा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेनं, जशी पावती नीट तपासून घ्यावी. मग म्हणाली, ‘हे मले कोणी सांगतलंच नाई.’ डोकेदुखी त्या दिवशी थांबली असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या भेटींत तिचा विषय बदलला. ‘मी काहून’ ऐवजी ‘त्यायनं काहून’ असं ती बोलू लागली. आमच्या क्षेत्रातले बरेच जण कायदा वकिलांसाठी राखून ठेवतात. मी ठेवत नाही. नेमकं कलम नेमक्या वेळी सांगणं हेही समुपदेशनच आहे, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलं आहे.

एका बाबतीत मात्र निर्णय फक्त तिचा नव्हता, आणि ते मी पहिल्याच भेटीत स्पष्ट केलं होतं. आज एखादं मूल धोक्यात असल्याची शंका आली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं पोक्सोच्या कलम १९ नुसार माझ्यावर बंधनकारक आहे. तुमच्यावरही आहे. पुरावा लागत नाही, रास्त शंका पुरते. काही दिवसांनी ती म्हणाली, ‘राखीले माहेरी गेलो का मी भावाच्या पोरीले नजरेआड होऊ देत नाई.’ म्हातारा त्याच घरात होता. ती आत्ता का आली, हे तेव्हा मला कळलं. नंतर १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन झाला, बाल कल्याण समितीपर्यंत माहिती गेली आणि वहिनीनं पोरीला माजघरात आपल्याजवळ झोपवायला सुरुवात केली. भाऊ मात्र महिनाभर रेखाशी बोलला नाही.

तक्रार करायची ठरली तेव्हा तिची भीती तारखांची होती. ‘मले तारीख नाई आठवत.’ तारखा कोणालाच आठवत नसतात. तिला सण आणि पिकं आठवत होती : तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, पराटी वेचणीला आली तेव्हा, नव्या बाई शाळेत रुजू झाल्या तेव्हा. इयत्ता कळली की शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरवरून वर्ष निघतं. मी तिला घरी बसून, तिच्याच भाषेत, आठवेल तेवढंच लिहायला सांगितलं. वर आजची तारीख. आठवत नाही तिथे ‘आठवत नाही’. मी एकही वाक्य सुचवलं नाही, कारण उद्या बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारेल की हे तुमच्या डोक्यात कोणी भरलं.

पोलीस ठाणं माहेरचंच लागतं असंही नाही. कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो, तो पुढे योग्य ठाण्याकडे जातो. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेट. नंतर मॅजिस्ट्रेटसमोरही जबाब होतो. पीडितेचं नाव छापणं हाच गुन्हा आहे. खटला सरकारी वकील चालवतात, आणि स्वतःचा वकील हवा असेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. फोन क्रमांक १५१००. मन फारच बिघडलं, तर टेलिमानस १४४१६.

आणि कटू भाग. गुन्हा एकदा नोंदला की ‘जाऊ द्या’ म्हणून मागे घेता येत नाही. वर्षं लागतात. वैद्यकीय पुरावा नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली गुरमितसिंग खटल्यात म्हटलं होतं की पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते आणि अशा गुन्ह्यात उशीर समजून घ्यायला हवा. पण वीस वर्षांच्या उशिराचं कारण उलटतपासणीत तिलाच सांगावं लागणार. आरोपी सुटूही शकतो. हे ऐकून माघार घेणारे असतात, आणि ती माघार मला पराभव वाटत नाही. एक आगाऊ सल्ला : ठाण्याआधी फेसबुकवर नाव टाकू नका. सद्भावनेनं केलेल्या पोलीस तक्रारीला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते भिंतीवर लिहिलेल्या मजकुराला नाही.

रेखानं सासरच्या ठाण्यात तक्रार दिली. नवरा आत आला, मागच्या बाकावर बसला. माहेरून निरोप आला, अपेक्षित होता तोच : ‘वावराच्या हिश्श्यासाठी करून रायली.’ त्याच सुमारास भावानं सातबारावरचं तिचं नाव कमी करायला हक्कसोडपत्र तयार करून ठेवलं होतं. २००५च्या दुरुस्तीनं लेकीला मुलाइतकाच वाटा दिला, हे तिला ठाऊक होतं. सही केली तर भाऊ बोलेल आणि केस ‘निःस्वार्थी’ दिसेल, असा तिचा हिशेब चालला होता. वकीलबाईंनी दोन्ही प्रकरणं वेगळी असल्याचं समजावलं. मी फक्त विचारलं, सही कोणासाठी करणार?

पुढच्या सोमवारी ती आली. ‘सही नाई केली. हिस्साबी मागतला नाई. भावाले म्हटलं, थो कागद वेगळा अन् हा वेगळा. आधी माहा जबाब होऊ दे.’