बराच वेळ न दिलेली स्लॉट मशीन शेवटी पैसे देतेच का?

तुम्ही विचारलंत, स्लॉट मशीन, म्हणजे कॅसिनोत पैसे लावून बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरवणारी मशीन, आतून कशी चालते, बराच वेळ काही दिलं नाही की ती शेवटी देतेच का, आणि लोकांना तिच्यापुढून उठवत का नाही?

मी कोल्हापुरात उद्यमनगरात मशीनचे कंट्रोलर दुरुस्त करतो. आंबोलीमार्गे गोव्याला जाऊन आलेली पोरं मला हेच विचारतात. मशीनला मागचं काही आठवत नाही. आतला प्रोग्राम अखंड आकडे काढत असतो; बटण दाबलं त्या क्षणाचा आकडा धरला, की निकाल लागला. चाकं नंतर फिरतात, ती निकाल दाखवायला. ‘दोन तास कोरडी आहे, आता देणारच’ हा हिशेब तिथं चालत नाही.

मेख पुढंच आहे. सान फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फे यांच्या ‘लिबर्टी बेल’ या जुन्या स्लॉट मशीनमध्ये खरी चाकं होती, चाकावर जेवढ्या जागा, तेवढ्याच शक्यता. 1984 साली इंगे टेलनेस यांना पेटंट मिळालं आणि चाक कुठं थांबायचं ते संगणक ठरवू लागला. समजा, दिसणाऱ्या तिन्ही चाकांवर 22-22 जागा आहेत. बघणाऱ्याला जॅकपॉटची, म्हणजे सगळ्यात मोठ्या बक्षिसाची, शक्यता 10,648 मध्ये एक वाटते. पण संगणकातलं, न दिसणारं प्रत्येक चाक 64 जागांचं असेल आणि जॅकपॉटला त्यातली एकच दिली असेल, तर ती 2,62,144 मध्ये एक होते. उरलेल्यांपैकी बऱ्याच जागा जॅकपॉटच्या शेजारच्या कोऱ्या घरांना दिल्या, की चित्र सारखं एका घरानं हुकतं. माणूस हळहळतो, ‘थोडक्यात गेलं!’ आणि पुन्हा दाबतो. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

बक्षीस कधी मिळेल ते ठाऊक नसलं की हात थांबत नाही, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांतही दिसलं होतं. शिवाय 20 रुपये लावून 6 परत आले तरी दिवे लागतात, गाणं वाजतं. 14 गेले ते जाणवत नाही. पण मजा खोटी नसते. पत्त्यांच्या टेबलावर नवखा माणूस बुजतो, इथं कुणी हसत नाही, आणि डोक्यातला धंद्याचा घोर तेवढा वेळ गप्प बसतो.

परतावा, म्हणजे लावलेल्या पैशांतून सरासरी परत येणारा वाटा, 90 टक्के धरला, तर 10 रुपयांच्या डावाला सरासरी एक रुपया जातो. मिनिटाला दहा डाव खेळलात, तर तासाला 600. म्हणून कोणती मशीन धरायची ते मी कुणाला सांगत नाही. डाव लहान लावा आणि सावकाश दाबा, एवढंच सांगतो.