किंमत ठरल्यावर खरी सावधगिरी सुरू होते

गाडीची किंमत ठरली की आपण सैलावतो, आणि नेमकी तेव्हाच शोरूममध्ये रंगावरचं कोटिंग, सीट कव्हर, वाढीव वॉरंटी अशी यादी समोर येते. आधी एकच मागा: प्रत्येक गोष्टीची वेगळी किंमत लिहिलेला कागद. 'पॅकेज'मध्ये काय कितीला पडतंय ते कळतच नाही.

सगळ्यात जपायचं ते 'हप्ता थोडासाच वाढेल' या वाक्याला. १०,००० ची वस्तू १० टक्के व्याजाच्या ५ वर्षांच्या कर्जात घातली, तर फेडताना सुमारे १२,७५० जातात. घ्यायचीच असेल तर रोखीने घ्या.

गंजरोधक लेपाची घाई नको. आजकालच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर ते काम कारखान्यातच झालेलं असतं. वाढीव वॉरंटी मात्र मी सरसकट नाकारणार नाही. गाडी बरीच वर्षं वापरणार असाल तर ती कामी येते. पण ती कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची, हे बघा, आणि नंतर कधीपर्यंत घेता येईल तेही विचारा. बहुधा त्याच दिवशी घ्यावी लागत नाही.

'हे सगळ्या गाड्यांना बसवूनच येतं' असं शोरूमवाले म्हणाले, तर न बसवलेली गाडी मागा. पहिल्या गाडीच्या वेळी मी संकोचाने गप्प राहिलो. तुम्ही राहू नका. सहीआधी कागद एक रात्र घरी न्या.