कन्व्हेयन्स आधी, टॉवर नंतर

तुमचं पत्र मिळालं: स्टेशनजवळची 24 फ्लॅटची तीन मजली सोसायटी, 1992 ला रजिस्टर झालेली, आता रिडेव्हलपमेंटला निघाली तर जुन्या बिल्डरचा मुलगा उगवला, म्हणतो जमीन अजून आमच्या नावावर, उरलेला एफएसआय (प्लॉटवर अजून जेवढं बांधकाम करता येईल ते) आमचा, एनओसी हवी तर पैसे टाका. अशी पत्रं महिन्याला तीन-चार येतात.

तुमच्या पत्रात दीड पान नवीन कार्पेट किती मिळेल यावर आणि कन्व्हेयन्सवर, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देण्याच्या दस्तावर, एकच ओळ, "ते राहून गेलं". अहो, राहून गेलं म्हणजे काय! रजिस्ट्रेशननंतर चार महिन्यांत बिल्डरने करून द्यायचं असतं, त्याने नाही दिलं हे मान्य, पण तीस वर्षांत एक साधी नोटीस तरी?

सगळं अडलंय एका कलमावर. 1963 च्या मोफा कायद्याखालचा (महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा) नमुना पाच, म्हणजे फ्लॅट विक्रीच्या अ‍ॅग्रीमेंटचा ठरलेला मसुदा, त्यातलं कलम 4 सांगतं की न वापरलेला एफएसआय सोसायटी रजिस्टर होईपर्यंतच बिल्डरचा, नंतर सोसायटीचा. तुमच्या 1991 च्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये मात्र "भविष्यातील सर्व एफएसआय प्रमोटरचा" (म्हणजे बिल्डरचा) असं घुसवलंय आणि मुलगा तेच पान नाचवतोय. नमुन्यातलं कलम 4 सक्तीचं आहे असं सुप्रीम कोर्टाने 2007 लाच म्हटलंय, त्यामुळे अ‍ॅग्रीमेंटमधलं ते वाक्य टिकणं कठीण. पण जमीनच नावावर नाही तर प्लॅन पास करायला कुठल्या नात्याने जाणार?

म्हणून मोफाच्या कलम 11 खाली जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर देत नसेल तर सरकारी आदेशाने मिळणाऱ्या कन्व्हेयन्सचा) अर्ज टाका, बिल्डरची सही लागत नाही. कायद्यात मुदत सहा महिन्यांची, प्रत्यक्षात तारखा पडतात, नोटीस परत येते, साहेबांची बदली होते, तेव्हा आजच टाका. आणि ऑर्डर मिळाली म्हणजे झालं असं नाही, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, मग प्रॉपर्टी कार्डवर (जमिनीच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर) नाव. ऑर्डर लॅमिनेट करून ऑफिसात टांगलेली सोसायटी मी पाहिलीये, कार्डावर अजून बिल्डरच! शहरात घरं नाहीत म्हणून माणसं दोन-दोन तास लोकलला लटकतात आणि स्टेशनजवळचे असे प्लॉट, जिथे आणखी कितीतरी घरं मावतील, ते एका सहीपायी अडकलेत.

रिडेव्हलपमेंटला तुमच्याकडे दोन मेंबरांचा विरोध आहे, त्याचं टेन्शन नको, 2019 च्या जीआरनुसार 51 टक्के संमती पुरते. एफएसआय किती बसेल ते रस्त्याच्या रुंदीवर वगैरे असतं, आर्किटेक्टला विचारा, मी आकडा देणार नाही.

पुढच्या मीटिंगला टाइल्स कुठल्या हा विषय असेल तर तो काढा, सगळ्यांचे इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या अ‍ॅग्रीमेंटचा उतारा) मागवा.