आधी भाचीला फोन, मग भिशी

वडोदऱ्याच्या डांडिया बाजारातून एका मावशींचं पत्र आलंय. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याने दिवाळीत घरी सांगितलं, 'मी मुलगी आहे.' तेव्हापासून बहिणीने बोलणं टाकलंय. मावशींनी पारलिंगी लेखकांची पुस्तकं वाचायला घेतलीत आणि भिशीतही वाचून दाखवायची आहेत. एका मैत्रिणीने नाक मुरडलं, 'टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय वाचायचं?' यजमान विचारतात, 'वाचून कुणाला हक्क मिळतात का?'

मावशी, यजमानांचं निम्मं खरं आहे. पारलिंगींना आपली ओळख आपण ठरवायचा हक्क देणारा १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल आपल्या वाचनाने लागला नाही. त्यासाठी पारलिंगी कार्यकर्त्या लक्ष्मी नारायण त्रिपाठींसारखी माणसं सर्वोच्च न्यायालयात उभी राहिली. पण तुमच्या बहिणीच्या उंबरठ्यावर कोर्ट येणार नाही. तिथे मावशीच जाऊ शकते, आणि जाण्याआधी थोडं वाचलेलं बरं.

त्रिपाठींचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी' मराठीतच आहे, शब्दांकन वैशाली रोडे यांचं. दिशा पिंकी शेख यांच्या कविता 'कुरूप'मध्ये मिळतील. इंग्रजी चालत असेल तर तमिळ लेखिका ए. रेवती यांचं आत्मकथन घ्या. मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात नसतील तर मागणी नोंदवा. सयाजीरावांनी ते उघडलं ते लोकांनी मागावं म्हणूनच!

वाचताना ऑपरेशनची पानं शोधत बसू नका, बहुतेक जण तेच करतात. घरचे कसे वागले ते बघा. रेवतींना भावाने मारलं, पुढे घराच्या वाटणीवरूनही भांडणं झाली. त्रिपाठींना आईवडिलांनी तोडलं नाही. तुमच्या बहिणीच्या घरी आज जे चाललंय, ते या पानांत सापडेल.

भाचीला मात्र त्यांत शोधू नका. हिजड्यांमधलं गुरू-चेल्यांचं, जमातीचं जग तिचं असेलच असं नाही. आणि भिशीत पुस्तक खुशाल वाचा, पण तिची गोष्ट तिला विचारल्याशिवाय सांगायची नाही. नाक मुरडणाऱ्या बाई बहुचराजीला नवस बोलत असतीलच. त्या देवीच्या दारात हिजड्यांचा मान किती, हे गुजरातेत राहून त्यांना मी काय सांगू?

बहिणीला एवढ्यात पुस्तक पाठवू नका, टोमणा वाटेल. भाचीला फोन करा, कोणत्या नावाने हाक मारू ते विचारा आणि गौरी-गणपतीला घरी बोलवा. साडी नेसायची की ड्रेस घालायचा, ते तिचं ती ठरवेल. बहीण येते की नाही याची वाट बघत आमंत्रण अडवू नका.