ऐकणाऱ्याकडं काही मागायचं नाही

बाळ,

तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. रेडिओवरच्या कॅज्युअल ड्युट्यांवर भागत नाही, पुण्याच्या ऑडिओ ॲपवाल्यांनी काम देऊ केलंय, पण हरिपूरच्या पेवांवरचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवरचं, तुझं स्क्रिप्ट त्यांनी "याला रीच नाही" म्हणून परत पाठवलं, आता काय करू असं विचारतेस. पोटापाण्याचं मी काही बोलणार नाही, नोकरी खुशाल धर. पण शेवटी जे टाकलंयस ना, "तसंही आता रेडिओ कोण ऐकतं काका", त्याच्यावर बोलल्याशिवाय मला राहवणार नाही.

किती ऐकतात हे त्यांना मोजू दे. आपण बघायचं ते हे की ऐकण्यासाठी त्या माणसाला काय काय द्यावं लागतं. ॲपला आधी चांगला फोन पाहिजे, मग रिचार्ज, मग रेंज, मग नंबर टाकून लॉगिन, मग सबस्क्रिप्शन नाहीतर जाहिराती, आणि वर तो काय ऐकतो, कुठं बंद करतो याची सगळी नोंद. रेडिओला दोन सेल, झालं. तो नावसुद्धा विचारत नाही. पूर्वी पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन काढायला लागायचं, तेही गेलं, बरं झालं. ऐकणाऱ्याकडं काही मागायचं नाही, एवढं एकच मी आयुष्यभर धरून बसलोय.

2019 चा महापूर तू बघितलायस. आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45, आणि पाणी गेलं 57 च्या वर. आपल्याकडं तेव्हा एकच प्रश्न असतो, "फूट किती झालं?" कारण किती फुटाला कुठल्या गल्लीत पाणी येतं हे गावभागातल्या पोराला पण पाठ असतं. लाईट गेली, फोन बंद पडला, मग तो आकडा कुठं बघणार? शिवाय स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळा डेटा सोडावा लागतो, माणसं वाढली की नेटवर ताण येतो. ट्रान्समीटरचं तसं नाही, एकानं लावला काय आणि लाखानं लावला काय, त्याला काही फरक पडत नाही. कोयनेतून पाणी सोडलंय हे सांगायला ॲप अपडेट करा म्हणणार आहेस का लोकांना?

आणि हे मी भावनेच्या भरात लिहीत नाहीये. 1995 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की प्रसारणाच्या या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत. आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचा कायदा 1990 चा, त्यातलं कलम 12 काढून वाच, शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामीण भाग, सगळं कर्तव्य म्हणून लिहिलंय. रीच हा शब्द बघ सापडतोय का.

मला पण बोलावणं आलं होतं, एका खासगी चॅनेलचं, पगार तिप्पट. गेलो नाही. घाबरला म्हणणारे अजून म्हणतात, म्हणू देत, त्या पगारात मला गिऱ्हाईक शोधायला लागलं असतं आणि मला श्रोता पाहिजे होता. सरकारी कारभार फार चांगला होता असंही नाही. एका ऑफिसात जुन्या टेपा पुसून त्याच्यावर नवीन रेकॉर्डिंग केलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, मिरजेच्या एका सतारमेकरचा आवाज त्यात गेला, भोपळा कसा निवडायचा ते सांगत होता, तो राग अजून जात नाही. म्हणून 2024 च्या नोव्हेंबरात प्रसार भारतीनं वेव्ज हे स्वतःचं ओटीटी काढलं तेव्हा मला बरंच वाटलं. जुना ठेवा तिथं टिकू दे, पण त्याच्या नावाखाली ट्रान्समीटर बंद नको, दूरदर्शनच्या फ्री डिशला महिन्याचे पैसे नकोत. दोन्ही चालू दे, पण मागायचं नाही.

आता तुझं स्क्रिप्ट. विषय सोन्यासारखा आहे गं. जमिनीखालच्या पेवात हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची, 2005 च्या पुरानं कितीतरी पेवं गेली, आणि ज्यांनी त्यात उतरून हळद भरलीय ती माणसं अजून बोलती आहेत. त्यांना बोलू दे. तू पहिलं पान सगळं "मित्रांनो, आवडलं तर लाईक करा, शेअर करा" यात घालवलंस, वाचताना चिडलो मी. ते पान काढ. दुसऱ्या पानावर पेवाचं तोंड उघडल्यावर आधी हवा लागू देतात, मग माणूस आत उतरतो, तिथनं सुरू कर. रविवारी विश्रामबागला घरी ये, रेकॉर्डर घेऊन ये, जेवून हरिपूरला जाऊ.

तुझा,
काका