मेव्हन की ग्रेडल? आधी बिल्ड कुठे अडतेय ते बघा

प्रश्न : स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचा प्रोजेक्ट, चार मॉड्यूल्स, सहा जणांची टीम. सध्या बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, मेव्हन आहे. नवा सहकारी म्हणतो, ग्रेडल घ्या, बिल्ड पळेल. बदलावं का?

तुमच्या टीममध्ये 'एमव्हीएन क्लीन इन्स्टॉल' ही मेव्हनची कमांड हातात बसलीय का, ते आधी बघा. बहुतेकांच्या बसलेली असते. 'क्लीन' म्हणजे टार्गेट फोल्डर पुसून सगळं पहिल्यापासून कंपाइल. एकच मॉड्यूल बदललं असेल, तर 'पीएल' आणि 'एएम' हे पर्याय लावा. तेवढं मॉड्यूल आणि त्याला लागणारी मॉड्यूल्स, इतकंच बिल्ड होतं. निम्मी तक्रार इथेच मिटते.

ग्रेडलचा वेग खरा आहे. प्रत्येक टास्कचं इनपुट-आउटपुट त्याला माहीत असतं. काही बदललं नसेल तर तो टास्क सोडून देतो, आणि डीमनमुळे, म्हणजे मागे सतत चालू असलेल्या प्रोसेसमुळे, जेव्हीएम (जावाचे प्रोग्रॅम चालवणारं मशीन) दर वेळी नव्याने उठवावं लागत नाही. पण ग्रेडलची फाइल म्हणजे ग्रूव्ही किंवा कॉटलिनमधला प्रोग्रॅम. कोणीतरी हौसेने त्यात लॉजिक घालतो, वर्षभराने नोकरी बदलतो, आणि मग त्या फाइलला हात लावायला कोणी धजत नाही. मी अशी एक फाइल तीन दिवस वाचली आहे. मेव्हनची पॉम फाइल लांबलचक आणि रटाळ असते खरी, पण नवा माणूस पहिल्याच दिवशी ती वाचू शकतो.

आणखी एक खाच. एकाच लायब्ररीच्या दोन व्हर्जन मागितल्या गेल्या, तर मेव्हन डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणाला कोणती लायब्ररी लागते त्याच्या झाडात) जवळची उचलतो, ग्रेडल एरवी सर्वांत वरची. म्हणजे यादी तीच, जार (लायब्ररीच्या फाइली) वेगळे. कंपाइल बिनबोभाट होतं आणि चालवताना 'नो सच मेथड एरर' येतो. स्प्रिंग बूट बऱ्याच व्हर्जन स्वतः ठरवून देतो, पण त्याच्या यादीबाहेरच्या जारचं काय? बदलायचंच असेल तर दोन्हीकडचे डिपेंडन्सी ट्री काढून शेजारी शेजारी ठेवा.

चार मॉड्यूल्ससाठी मी तरी मेव्हन सोडणार नाही. अँड्रॉइड अॅप असतं तर प्रश्नच नव्हता, तिथे ग्रेडलच.

प्रश्न : कॉलेजचा सी प्रोजेक्ट आहे. मेक या बिल्ड टूलची मेकफाइल 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबते. मित्र म्हणतो मेक जुनं झालं, सीमेक वापर.

कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला टॅब लागतो. तुमच्या एडिटरने त्याच्या स्पेस केल्या असणार. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं. टॅबची भानगड लक्षात आली तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब तसाच राहिला. ती गैरसोय आता आपल्या वाट्याला!

सीमेक स्वतः कंपाइल करत नाही, तो मेकफाइल किंवा निंजा या दुसऱ्या बिल्ड टूलच्या फाइली तयार करून देतो. दहा फाइली आणि फक्त लिनक्स असेल तर मेक पुरे. कोणाला तोच कोड व्हिज्युअल स्टुडिओत उघडायचा असेल तर सीमेक. एक सांभाळा : हेडर बदललं तरी मेकला ते आपोआप कळत नाही. जीसीसी या कंपाइलरला 'एमएमडी' पर्याय द्या आणि तयार होणाऱ्या डी फाइली (कोणत्या फाइलला कोणतं हेडर लागतं ते सांगणाऱ्या) मेकफाइलमध्ये इन्क्लूड करा. नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइलशी भांडत रात्र जाते.

प्रश्न : अँट या जावाच्या बिल्ड टूलवरचा जुना प्रोजेक्ट, लिब फोल्डरमध्ये साठ जार. मेव्हनवर न्यायचा आहे. सुरुवात कुठून?

बिल्ड फाइलपासून नको, जारपासून. नावात व्हर्जन नसलेले जार वेगळे काढा. त्यांचा शा-१ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढून मेव्हन सेंट्रलवर, म्हणजे लायब्ररींच्या सार्वजनिक भांडारात, शोधा, बरेचसे सापडतात. जे सापडत नाहीत, ते कोणीतरी आत बदल करून ठेवलेले असण्याची शक्यता धरा. आधी त्यांचा सोर्स कुठे आहे ते विचारा.

प्रश्न : पाच जणांच्या स्टार्टअपला बेझल हे बिल्ड टूल कसं?

नको. गुगलने ते आपल्या अवाढव्य कोडसाठी बनवलं. ते नुसतं सांभाळायलाच तुमच्या पाचांतला एक जण जाईल.